दूध संकलन केंद्रातला वजनकाटा आणि फॅट मशीन वेब ॲप्लिकेशनला सिरियल पोर्टवरून जोडायचंय

संकलन_प्रणाली

नमस्कार मंडळी. दूध संस्थांसाठी संकलनाचं वेब ॲप्लिकेशन आहे. सर्व्हर बाहेर होस्ट केलेला, केंद्रावर फक्त ब्राउझर. प्रत्येक केंद्रावर एक संगणक, एक इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक फॅट मशीन. काटा आणि मशीन दोन्हींना मागे नऊ पिनांचं सिरियल पोर्ट आहे, आणि दोन्ही यूएसबी-सिरियल ॲडॉप्टरने संगणकाला जोडलेत. सध्या सचिव इंडिकेटरवरचा आकडा बघून हाताने टाइप करतात. रांगेत चाळीस-पन्नास उत्पादक उभे असले की एखाद्या पावतीवर १२.४५ चं १२.५४ होतंच. तो आकडा थेट रकान्यात यायला हवा.

वेब सिरियल (पानाला सिरियल पोर्ट थेट वाचू देणारी ब्राउझरची सोय) वापरून एक चाचणी पान केलंय. त्यात चार अडचणी आहेत.

पहिली: लोकलहोस्टवर पान चालतं, पण तेच ऑफिसच्या नेटवर्कमधल्या चाचणी सर्व्हरवर १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून उघडलं की नेव्हिगेटर.सिरियल 'अनडिफाइन्ड' येतं. ब्राउझर तोच, संगणकही तोच.

दुसरी: वजन तुकड्यांत येतं. एकदा '००१२', पुढच्या वेळी '४५' आणि त्याला चिकटून पुढच्या वजनाची सुरुवात.

तिसरी: एका केंद्रावरच्या काट्याचे काही अंक बरोबर दिसतात आणि काहींच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह.

चौथी: दोन्ही ॲडॉप्टर एकाच बनावटीचे आहेत. संगणक बंद-चालू झाला किंवा कोणी केबल काढून दुसऱ्या भोकात घातली की काट्याच्या जागी फॅट मशीन उघडतं.

शिवाय काही केंद्रांवर उबुंटू आहे, आणि दोन संस्थांना टॅबलेटवर हवंय. वेब सिरियलच पुढे न्यावं, की केंद्रावर एक छोटा स्थानिक प्रोग्रॅम बसवावा?

---

नऊपिनी

ब्राउझरचं नंतर पाहू. आधी तारेवरून बाइट नीट येतात का ते तपासा. पुट्टी किंवा रियलटर्मसारख्या टर्मिनलमध्ये आकडे स्वच्छ येत नसतील, तर जावास्क्रिप्टमध्ये कितीही वेळ घातला तरी ते सुधारणार नाहीत.

तुमच्या तिसऱ्या अडचणीचं निदान इथूनच करता येतं. बरोबर येणारे अंक ०, ३, ५, ६, ९ आहेत का आणि बिघडलेले १, २, ४, ७, ८ आहेत का, एवढं बघा. तसं असेल तर काटा ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटीवर (एक असलेल्या बिटांची संख्या सम ठेवणारा तपासणीचा जास्तीचा बिट) पाठवतोय आणि तुम्ही ८ बिट, पॅरिटी नाही असं वाचताय. कारण सरळ आहे. शून्याचा कोड हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) ३०, त्यात एक असलेले बिट दोन, म्हणजे सम. पॅरिटी बिट शून्य राहतो आणि अक्षर जसंच्या तसं येतं. एकचा कोड ३१, त्यात असे बिट तीन, म्हणून पॅरिटी बिट एक होतो. तो तुमच्याकडे आठवा डेटा बिट म्हणून वाचला जातो आणि ३१ चं बी१ होतं. बॉड रेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग) चुकलेला असता तर सगळंच बिघडलं असतं, निम्मे अंक सुटले नसते. काही काट्यांना कारखान्यातूनच २४०० बॉड, ७ बिट, इव्हन, १ स्टॉप अशी सेटिंग येते. ९६००, ८, नाही, १ हेच सगळीकडे असेल असं धरू नका.

टर्मिनलमध्ये काहीच येत नसेल तर मल्टीमीटर काढा. केबल संगणकापासून सोडवा आणि काट्याकडून येणाऱ्या टोकावर पिन ५ ला काळी प्रोब धरून पिन २ आणि ३ तपासा. काटा गप्प असताना त्याच्या पाठवणाऱ्या पिनेवर साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसायला हवेत. ही तार संगणकाच्या पिन २ वर गेली पाहिजे, कारण संगणकाकडे २ ऐकायची, ३ बोलायची आणि ५ ग्राउंड. उणे व्होल्ट ३ वर दिसत असतील तर २ आणि ३ ची अदलाबदल करणारी नल मोडेम केबल हवी. सततचं प्रसारण चालू असेल तर मीटरचा आकडा डोलत राहतो. तेही चांगलंच लक्षण.

उणे व्होल्ट कुठेच नाहीत आणि गप्प असताना अधिक ५ किंवा अधिक ३.३ दिसतात, तर ते पोर्ट टीटीएल पातळीचं, म्हणजे थेट चिपच्या व्होल्टवर चालणारं आहे. स्वस्त काट्यांत नऊ पिनांचं सॉकेट असूनही आत टीटीएल असू शकतं. तिथे मधे पातळी बदलणाऱ्या मॅक्स२३२ ची पट्टी लागते, ३.३ असेल तर मॅक्स३२३२ ची. उलटा प्रकार जास्त महागात पडतो: टीटीएलचं यूएसबी ॲडॉप्टर खऱ्या आरएस-२३२ ला जोडलं तर त्या चिपला उणे १२ व्होल्ट बसतात आणि ती जाते.

ॲडॉप्टरची चिप बघून घ्या. नकली प्रोलिफिक पीएल२३०३ विंडोजवर नव्या ड्रायव्हरसोबत 'कोड १०' देतं. सीएच३४० स्वस्त आहे आणि चालतंही, पण त्यात सहसा अनुक्रमांक नसतो. तुमची चौथी अडचण त्यातूनच येते: अनुक्रमांक नसला की विंडोज ते ॲडॉप्टर कुठल्या भोकात आहे यावरून ओळखतं, आणि भोक बदललं की नवा कॉम नंबर (पोर्टचं नाव) देतं. एफटीडीआयच्या एफटी२३२ वर अनुक्रमांक असतो, म्हणून कुठेही लावा, कॉम नंबर तोच राहतो. संकलन केंद्रावर हा जास्तीचा खर्च करावा, असं मी ठामपणे सांगेन.

दोन गोष्टी आणखी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा. सकाळच्या संकलनानंतर तासन्‌तास शांत राहिलेलं ॲडॉप्टर संध्याकाळी उठत नाही, त्यामागे हे असू शकतं. आणि काट्याचं सिरियल सेटिंग बदलताना फक्त वापरकर्त्याच्या मेनूत शिरा. कॅलिब्रेशनचा स्विच वैधमापनशास्त्र विभागाच्या शिक्क्याखाली असतो. तो शिक्का तोडायचा नाही. सेटिंग तिथेच असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याला बोलवा.

---

पान_आणि_पोर्ट

पहिल्या अडचणीचं उत्तर: वेब सिरियल फक्त सुरक्षित पानावर मिळतं, म्हणजे एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्ट. साध्या एचटीटीपीवरच्या १९२.१६८ च्या पत्त्याला ब्राउझर सुरक्षित मानत नाही, म्हणून नेव्हिगेटरवर सिरियल दिसतच नाही. चाचणी सर्व्हरलाही प्रमाणपत्र लावा. क्रोममध्ये असा पत्ता सुरक्षित धरायला लावणारा फ्लॅग आहे, पण तो विकासकाच्या टेबलापुरता ठेवा. केंद्रावर वापरू नका.

वेब सिरियल डेस्कटॉप क्रोम आणि एजमध्ये आवृत्ती ८९ पासून, म्हणजे मार्च २०२१ पासून आहे. सफारीत नाही. केंद्रावर कुठला ब्राउझर वापरायचा ते ठरवून टाका.

पोर्टची परवानगी मागणारं रिक्वेस्टपोर्ट वापरकर्त्याने बटण दाबल्यावरच चालतं, पान उघडल्याबरोबर आपोआप नाही. पण ती परवानगी एकदाच लागते. पुढच्या वेळी गेटपोर्ट्स आधी मंजूर केलेली पोर्ट परत देतं आणि ती ओपन करायला क्लिक लागत नाही. म्हणून पान उघडताच आधी गेटपोर्ट्स, त्यात काही नसेल तरच 'काटा जोडा' बटण दाखवा. लिनक्सवर मात्र अडचण आहे: ॲडॉप्टरला अनुक्रमांक नसेल तर क्रोम परवानगी कायमची जपत नाही, केबल निघाली की पुन्हा विचारतो. एफटीडीआय घेण्याचं हे दुसरं कारण.

तुकड्यांबद्दल. सिरियल पोर्टला संदेश कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठाऊक नसतं, त्याच्याकडे फक्त बाइटची धार असते. रीडरचं रीड कधी ३ बाइट देईल, कधी ४०. त्यामुळे 'एक रीड म्हणजे एक वजन' हे गृहीतकच सोडा. आलेलं सगळं एका बफरमध्ये जोडत जा, सुरुवातीचं आणि शेवटचं चिन्ह शोधा, त्यामधली पूर्ण फ्रेम (एक अख्खा संदेश) उचला आणि उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवा. पोर्ट उघडल्यावर पहिली फ्रेम बहुधा अर्धवटच असते. ती टाकून द्या.

तपासणी चालू असेपर्यंत बाइटचा मजकूर करणारं टेक्स्टडिकोडरस्ट्रीम लावू नका. ते यूटीएफ-८ धरून चालतं आणि हेक्स ७एफच्या वरचे बाइट त्याला चुकीचे वाटले की त्यांच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन घालतं. मूळ बाइट काय होता हे मग कळत नाही. नऊपिनींनी सांगितलेलं ३१ चं बी१ तुम्हाला म्हणूनच दिसलं नाही. कच्चे बाइट हेक्समध्ये छापा.

ओपनमध्ये बॉडरेट द्यावाच लागतो. डेटाबिट्स ७ किंवा ८, पॅरिटी नन, इव्हन किंवा ऑड. बफरसाइझ न दिल्यास २५५ बाइट. ९६०० ला सेकंदाला ९६० बाइट येतात, म्हणजे सतत बोलणाऱ्या काट्यासमोर पान पाव सेकंद अडकलं तरी २५५ भरतात आणि ओव्हररनची (बफर भरून बाइट गळण्याची) चूक येऊ शकते. ४०९६ द्या. काही उपकरणं डीटीआर किंवा आरटीएस या 'संगणक तयार आहे' असं सांगणाऱ्या रेषा वर असल्याशिवाय बोलतच नाहीत. टर्मिनलमध्ये चालतंय आणि ब्राउझरमध्ये शांतता, असं असेल तर ओपननंतर सेटसिग्नल्सने दोन्ही चालू करून बघा.

वाचन दोन लूपमध्ये लिहा. बाहेरचा 'पोर्ट.रीडेबल आहे तोवर', आतला रीडचा. फ्रेमिंग, पॅरिटी, ब्रेक, ओव्हररन या चुकांनी चालू स्ट्रीम तुटते, पण पोर्ट जिवंत राहतं आणि रीडेबलमध्ये नवी स्ट्रीम मिळते. बाहेरचा लूप नसेल तर विजेच्या एका झटक्यानंतर वजन येणं थांबतं आणि सचिव पान रिफ्रेश करत बसतात. केबल निघाली की मात्र रीडेबल नल होतं. त्यासाठी नेव्हिगेटर.सिरियलच्या कनेक्ट आणि डिस्कनेक्ट घटना ऐका आणि रकान्याचा रंग लगेच बदला. जुनं वजन पडद्यावर गोठून राहणं ही या प्रकारातली सर्वांत घातक गोष्ट आहे. शेवटची पूर्ण फ्रेम दोन सेकंदांहून जुनी झाली की रकाना कोरा करा.

बंद करताना क्रम पाळा: आधी रीडर.कॅन्सल, मग रीलीजलॉक, मग पोर्ट.क्लोज. रीडरचं कुलूप असताना क्लोज अपयशी ठरतं. एक पोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी उघडतं. दुसऱ्या टॅबमध्ये तेच पान असेल किंवा पुट्टी उघडी राहिली असेल तर 'पोर्ट उघडता आलं नाही' हीच चूक येते.

दोन सारख्या ॲडॉप्टरबद्दल: गेटइन्फो फक्त उत्पादक क्रमांक आणि वस्तू क्रमांक देतं, कॉम नंबर किंवा अनुक्रमांक देत नाही. त्यामुळे ब्राउझरला ही दोन ॲडॉप्टर वेगळी ओळखता येत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे काट्याला एका चिपचं आणि फॅट मशीनला दुसऱ्या चिपचं ॲडॉप्टर लावणं. एफटीडीआयचा उत्पादक क्रमांक हेक्स ०४०३, सीपी२१०२ चा १०सी४, सीएच३४० चा १ए८६. रिक्वेस्टपोर्टच्या फिल्टरमध्ये तो दिला की चुकीचं उपकरण यादीतच येत नाही. केंद्रांचे संगणक तुमच्या ताब्यात असतील तर क्रोमच्या एंटरप्राइझ धोरणांत 'सिरियल अलाउ यूएसबी डिव्हाइसेस फॉर यूआरएल्स' आहे. त्याने तुमच्या पत्त्याला ठरावीक उपकरणाची परवानगी आधीच देता येते आणि सचिवांना ती खिडकी कधीच दिसत नाही.

---

तोल_आणि_माप

आकडा नीट आला म्हणजे वजन बरोबर आलं असं होत नाही. उत्पादकाला पैसे याच आकड्यावर मिळतात, म्हणून फ्रेमकडे नीट बघा.

इंडिकेटरच्या पुस्तिकेत प्रोटोकॉलचं पान असतं. ते नसेल तर तीन ज्ञात वजनं ठेवून हेक्स उतरवा: शून्य, मधलं एखादं, आणि टेअर (भांड्याचं वजन वजा करणारं बटण) दाबून भांडं उचलल्यावर येणारं उणे वजन. या तिन्हींत चिन्हाची, दशांशाची आणि स्थिरतेची जागा सहसा उघडी पडते.

नेहमी भेटणारे काही प्रकार. एक वाचायला सोपा: 'एसटी,जीएस,+' मग वजन आणि 'केजी', शेवटी सीआर-एलएफ, म्हणजे ओळ संपल्याची चिन्हं. एसटी म्हणजे स्थिर, यूएस म्हणजे अस्थिर, ओएल म्हणजे क्षमतेबाहेर, जीएस एकूण आणि एनटी निव्वळ. यातला यूएस दुर्लक्षून फक्त आकडा उचलणारा कोड लिहिला की दूध ओततानाचं डोलतं वजन नोंदलं जातं.

दुसरा टोलेडो पद्धतीचा: एसटीएक्स (सुरुवातीचं चिन्ह), तीन स्थितीदर्शक बाइट, सहा अंक वजन, सहा अंक टेअर, सीआर आणि असल्यास चेकसम (चूक पकडायचा तपासणी बाइट). चेकसम धरून १८ बाइट. वजनात दशांशचिन्ह नसतंच. त्याची जागा पहिल्या स्थितीदर्शक बाइटच्या खालच्या तीन बिटांत असते. चिन्ह आणि हालचाल दुसऱ्यात. कोडमध्ये 'शंभरने भागा' असं पक्कं लिहून ठेवलं आणि पुढे दुसऱ्या क्षमतेचा काटा बसला, तर वजन दहापट चुकतं.

तिसरा एक्सके३१९०-ए९ या इंडिकेटरचा. हा वे-ब्रिजवर जास्त दिसतो, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. बारा बाइट: ०२, चिन्ह, सहा अंक, दशांशाची जागा, एक्सऑरचे (बिटांची तुलना करून काढलेल्या तपासणी अंकाचे) दोन बाइट, ०३. १२.४५ साठी हेक्समध्ये ०२ २बी ३० ३० ३१ ३२ ३४ ३५ ३२ ३१ ४२ ०३ असं येईल. चिन्हापासून दशांशाच्या जागेपर्यंतच्या आठ बाइटांचं एक्सऑर करा, १बी येतं. त्याचे दोन भाग १ आणि बी, अक्षरांत ३१ आणि ४२. जुळलं तर फ्रेम घ्या, नाही तर टाका. दुरुस्त करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, पुढची फ्रेम काही मिलिसेकंदांत येतेच.

चौथा एक्सके३१९०-ए१२ चा: बरोबरीचं चिन्ह आणि त्यापुढे अंक उलट क्रमाने. ७०.१५ किलोसाठी '=५१.०७००' येतं. न उलटता वाचलं तर ते ५१.०७ असं पूर्ण विश्वासार्ह दिसतं, आणि यात चेकसमही नाही. शून्यावर आणि ११.११ वर चाचणी घेऊन हे कधीच सापडणार नाही. चाचणीला असमान अंकांचं वजनच ठेवा.

ज्या काट्यात स्थिरतेची खूण नाही तिथे ती तुम्हाला बनवावी लागेल. साधारण एक सेकंदभराच्या सलग फ्रेम एका विभागाच्या आत असतील, म्हणजे १० ग्रॅमचा काटा असेल तर १० ग्रॅमच्या आत, तरच 'घ्या' बटण उघडा. आणि एक नोंद झाली की काटा शून्याजवळ परत येईपर्यंत दुसरी नोंद उघडू नका. नाहीतर बटण दोनदा दाबलं जाऊन एकाच दुधाच्या दोन पावत्या निघतात. भांड्यात दूध उरलेलं असताना कोणी टेअर दाबलं तर पूर्ण रिकामं झाल्यावर काटा उणे दाखवतो. तो उणे आकडा लपवू नका, तांबड्या रंगात दाखवा.

किलो आणि लिटर. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरतं. काही इंडिकेटरमध्येच लिटरची सोय असते आणि तो भागलेला आकडा पाठवतो. सॉफ्टवेअरने पुन्हा १.०३ ने भागलं तर १० किलोचे ९.७१ लिटरऐवजी ९.४३ होतात. प्रत्येक कॅनमागे पाव लिटरहून जास्त उत्पादकाचं जातं, आणि आकडा रोजच थोडा कमी असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. फ्रेममध्ये एकक येत असेल तर ते तपासा. येत नसेल तर केंद्राच्या सेटिंगमध्ये स्पष्ट रकाना ठेवा आणि बसवताना ज्ञात वजनाने पडताळा.

फॅट मशीनचं वागणं वेगळं. काटा सतत बोलतो. मशीन चाचणी संपल्यावर एकदाच बोलतं, आणि बऱ्याचदा ते पोर्ट मुळात पावतीच्या प्रिंटरसाठी असतं. त्यामुळे फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), घनता, पाणी अशा ओळी छापील मजकुरासारख्या येतात, मधे प्रिंटरचे नियंत्रण बाइट असतात. ओळीचा क्रमांक मोजून वाचू नका, ओळीतलं नाव शोधून त्यापुढचा आकडा घ्या. शेवटची ओळ आल्यावर किंवा अर्धा-एक सेकंद शांतता झाल्यावरच निकाल पूर्ण धरा. आणि तो निकाल कोणत्या उत्पादकाच्या नमुन्याचा, हे नमुना मशीनला लावतानाच पडद्यावर निवडलेलं असू द्या. वजनाची रांग पुढे सरकलेली असते आणि फॅट मागून येतं. 'सध्या पडद्यावर जो आहे त्याला' फॅट चिकटवलं की एकाचं फॅट दुसऱ्याच्या नावावर जातं.

---

संकलन_प्रणाली

बरोबर अंक ०, ३, ५, ६, ९ हेच आहेत. ७ बिट इव्हन केल्यावर सगळे स्वच्छ आले. काटा एसटी-यूएस प्रकारचा आहे.

आता उबुंटू, टॅबलेट आणि नेट जाणं हे उरलं. बऱ्याच केंद्रांवर सकाळी सहाला नेट नसतं, पण संकलन थांबवता येत नाही.

---

पूल_बांधा

ही अट असेल तर स्थानिक प्रोग्रॅमच हवा. पायथनचं पायसिरियल किंवा नोडचं सिरियलपोर्ट, यापैकी जे येतं ते. तो पोर्ट वाचेल, फ्रेम तपासेल आणि पानाला वेबसॉकेटवरून (सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून) वजन, स्थिरता आणि वेळ देईल. सफारी सोडून ब्राउझर कुठलाही असो, काटा बदलला तरी पान तेच राहतं. फक्त स्थानिक बाजूचा वाचक बदलतो.

१२७.०.०.१ वरच (म्हणजे याच संगणकापुरतं) ऐका, ०.०.०.० वर (सगळ्या नेटवर्कवर) नाही. एचटीटीपीएस पानावरून १२७.०.०.१ च्या साध्या वेबसॉकेटला क्रोम मिश्र मजकूर म्हणून अडवत नाही, सफारी अडवतो. क्रोमच्या नव्या आवृत्त्यांत बाहेरच्या संकेतस्थळाने स्थानिक पत्त्याला विनंती केली की वापरकर्त्याची परवानगी मागितली जाऊ शकते, तेव्हा बसवतानाच ती देऊन ठेवा.

जोडणी स्वीकारताना ओरिजिन हेडर (विनंती कोणत्या संकेतस्थळाच्या पानातून आली ते) तपासणं अनिवार्य आहे. वेबसॉकेटला सीओआरएसचं (दुसऱ्या संकेतस्थळाचं उत्तर वाचण्यावरचं ब्राउझरचं) बंधन नसतं, त्यामुळे सचिवांनी दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेलं कोणतंही पान तुमच्या प्रोग्रॅमशी बोलू शकतं. काट्याला शून्य किंवा टेअरची आज्ञा पाठवायची सोय ठेवली असेल तर हे आणखी गंभीर होतं.

पोर्ट शोधताना कॉम नंबर साठवू नका. पायसिरियलची लिस्ट_पोर्ट्स अनुक्रमांक आणि भोकाचं स्थान दोन्ही देते. अनुक्रमांक असेल तर तो, नसेल तर स्थान. वाचताना टाइमआउट १ सेकंद द्या. तो न दिल्यास वाचन अनंतकाळ थांबून राहतं आणि प्रोग्रॅम जिवंत दिसूनही मेलेला असतो.

उबुंटूवर वापरकर्ता डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्या) असावा लागतो, आणि गटात घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. २२.०४ वर सीएच३४० लावलं की पोर्ट क्षणभर दिसून नाहीसं होतं. ब्रेल पडद्यासाठी असलेलं बीआरएलटीटीवाय हे ॲडॉप्टर आपलं समजून घेतं. डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) त्याचं नाव दिसतं. त्या संगणकावर ब्रेल उपकरण वापरणारं कोणी नसेल तर ते पॅकेज काढून टाका. नावं पक्की करायला यूडेव्हचा (उपकरणांना नावं देणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहा किंवा डेव्ह-सिरियलखालचं बाय-आयडी वापरा. अनुक्रमांक नसलेल्या ॲडॉप्टरना बाय-पाथ, आणि मग भोकांवर रंगाची चिकटपट्टी लावा.

नेट नसतानाची नोंद स्थानिक एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये जाऊ द्या. प्रत्येक नोंदीला तिथेच एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) द्या आणि सर्व्हरवर त्यावर युनिक बंधन ठेवा. नेट आल्यावर तीच नोंद तीनदा गेली तरी पावती एकच राहते. नेट नसताना पानही उघडायला हवं, म्हणून ते सर्व्हिस वर्करमध्ये (ब्राउझरच्या ऑफलाइन सोयीत) साठवा किंवा स्थानिक प्रोग्रॅमच ते पुरवू दे.

टॅबलेटसाठी यूएसबीची वायर टाळा. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये वायरच्या सिरियलवर विसंबता येत नाही, आणि ओटीजी (टॅबलेटला यूएसबी उपकरण जोडणारा ॲडॉप्टर) लावला की बऱ्याच टॅबलेटचं चार्जिंग बंद पडतं. काट्याजवळ एक ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) आणि मॅक्स३२३२ बसवा. मॅक्स२३२ नको, कारण ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. तो वाय-फायवरून केंद्रातल्या संगणकाच्या स्थानिक प्रोग्रॅमला वजन देईल आणि टॅबलेट तिथून घेईल. मात्र अशा वेळी प्रोग्रॅमला नेटवर्कवर ऐकावं लागतं, म्हणून टोकन आणि प्रमाणपत्र आलंच.

---

पान_आणि_पोर्ट

पूल_बांधा यांच्याशी एका बाबतीत मतभेद. जिथे विंडोज आहे, नेट बरं आहे आणि एकच काटा आहे, तिथे स्थानिक प्रोग्रॅम बसवणं म्हणजे प्रत्येक केंद्रावर आणखी एक गोष्ट अद्ययावत ठेवणं, अँटिव्हायरसशी भांडणं आणि विंडोज सेवा बंद पडली की फोन घेणं. तिथे वेब सिरियल पुरतं. वजनाचा स्रोत हा एक वेगळा मॉड्यूल करा, ज्याची 'जोड, वाच, तोड' एवढीच तोंडं असतील. मागे वेब सिरियल असो वा वेबसॉकेट, पानाला फरक पडू नये. फ्रेम तपासणारा कोड दोन्हीकडे तोच वापरता यावा म्हणून तो जावास्क्रिप्टमध्येच ठेवा आणि स्थानिक प्रोग्रॅमसाठी नोड घ्या.

---

तोल_आणि_माप

सर्व्हरबाजूची एक गोष्ट राहिली. ब्राउझरमधून आलेल्या वजनावर सर्व्हरने आंधळा विश्वास ठेवू नये. डेव्हलपर टूल्स उघडून कोणीही रकान्यातला आकडा बदलून पाठवू शकतो. नोंदीसोबत कच्ची फ्रेम जशीच्या तशी साठवा आणि सर्व्हरने ती स्वतः पुन्हा वाचून वजन जुळतं का बघावं. यामुळे मुद्दाम केलेली फसवणूक पूर्ण थांबत नाही, कारण फ्रेमही बनवता येते. पण कोडमधल्या चुका लगेच पकडल्या जातात आणि वाद झाला तर काट्याने काय पाठवलं होतं ते सापडतं. फसवणुकीचीच भीती असेल तर स्थानिक प्रोग्रॅमने किंवा ईएसपी३२ ने केंद्राच्या गुप्त किल्लीने प्रत्येक फ्रेमवर एचमॅक सही करावी, आणि सहीत वेळ आणि वाढता क्रमांक असावा.

हाताने वजन टाकायची सोय काढू नका, कारण काटा बंद पडला तरी दूध थांबत नाही. पण ती नोंद वेगळ्या खुणेने साठवा आणि पावतीवरही 'हस्तनोंद' असं छापा. उत्पादकाला ते दिसलं पाहिजे.

---

संकलन_प्रणाली

वजनाचा स्रोत वेगळा करून वेब सिरियल आणि वेबसॉकेट ही दोन्ही मागची टोकं ठेवतो. नेट नसणाऱ्या केंद्रांवर नोड. शेवटचा प्रश्न: प्रत्येक वेळी काटा टेबलावर न आणता हे तपासायचं कसं?

---

पूल_बांधा

विंडोजवर कॉम०कॉम, लिनक्सवर सोकॅट. दोन्ही आभासी पोर्टची जोडी बनवतात. एका टोकाला नकली काटा लिहितो, दुसरं टोक तुमचा स्थानिक प्रोग्रॅम उघडतो. वेब सिरियलच्या टोकासाठी खरी दोन एफटीडीआय ॲडॉप्टर नल मोडेम केबलने एकमेकांना जोडा, म्हणजे उत्पादक क्रमांकाचा फिल्टरही तपासला जातो.

नकली काट्याने छान छान फ्रेम पाठवून उपयोग नाही. फ्रेम मधोमध तोडून दोन भागांत ३०० मिलिसेकंदांच्या अंतराने पाठवा. दोन फ्रेम चिकटवून पाठवा. एक बाइट बदलून चेकसम बिघडवा. चेकसम नसलेल्या प्रकारात अंकाच्या जागी अक्षर घाला. यूएसच्या वीस फ्रेमनंतर एकच एसटी पाठवून पुन्हा यूएस द्या. उणे वजन, ओएल, आणि मधेच पाच सेकंद शांतता. शेवटी नोंद चालू असताना केबल उपटा आणि सहा-सात सेकंदांनी परत लावा. या सगळ्यांत रकान्यात चुकीचा आकडा एकदाही हिरवा दिसता कामा नये. कोरा दिसला तर चालेल.

---

नऊपिनी

त्या यादीत एक भर: इन्व्हर्टरवरून मेन लाइनवर येतानाची चाचणी खऱ्या काट्यावरच घ्या, ती आभासी पोर्टवर होत नाही. अनेक इंडिकेटर चालू होताना सगळे अंक ९ पासून ० पर्यंत मोजून दाखवतात, आणि काही ते आकडे सिरियलवरही पाठवतात. ते स्थिर वजन म्हणून पकडले जात नाहीत ना, एवढं बघा. जात असतील तर जोडणीनंतर पहिलं शून्य दिसेपर्यंत नोंद बंद ठेवा. काटा आणि संगणक एकाच अर्थिंगच्या बोर्डावर असू द्या. दोन वेगवेगळ्या अर्थिंगमधला फरक सिरियलच्या पिन ५ मधून वाहतो आणि त्यात पोर्टच जळतं. तशी सोय नसेल तर आयसोलेटेड प्रकारचं यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर घ्या. आणि केबल १५ मीटरच्या आत ठेवा. त्याहून लांब न्यायची असेल तर मधे दोन्हीकडे आरएस-४८५ चे कन्व्हर्टर लावा.